मोठेपणी लेगो करायलाय ना, मग डबे बंद ठेवू नका: लातूरच्या भावाला सविस्तर उत्तर

लातूरहून एका भावानं विचारलंय. वय छत्तीस, बँकेत नोकरी, गेली दोन-तीन वर्षं लेगोचे, म्हणजे एकमेकांत अडकवायच्या प्लास्टिकच्या विटांचे, सेट घ्यायलाय, कपाटात बरेच डबे झालेत आणि त्यातल्या निम्म्यांचं सील अजून फोडलेलं नाही. प्रश्न असे की घरचे लेकराचं खेळणं म्हणून हसतात त्यांना काय सांगू, चायनीज माल चालतो का, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टिकतंय का, डबे बंद ठेवले तर पुढं पैसे होतील का, आणि शेवटचा म्हणजे स्वतःच्या मनानं काही बनवायचंय पण बसलं की काहीच सुचत नाही. मी वाळूजला प्लास्टिकचे मोल्ड बनवणाऱ्या टूलरूममध्ये काम करतो, हा नाद मला तिथूनच लागला आणि आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं जे हातानं करून कळलंय ते सांगतो, लांब होईल.

आधी माझं मत सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सेट घेताना आपण पैसे मोजतो ते त्यातल्या जोडण्यांसाठी, म्हणजे डिझायनरनं कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला कसा वळवून बसवलाय, सपाट भागातून गोलाई कशी काढलीय, वजन कुठं पेललंय, ते. ही जोडणी तुमच्या हातात उतरली तर सेटचे पैसे वसूल, आणि डबा कपाटात बंद राहिला तर त्याची किंमत कितीबी वाढो, तुम्हाला त्यातून काहीच मिळालं नाही. म्हणून सील फोडा, जोडा, सोडवा, परत जोडा.

घरच्यांचं म्हणाल तर वाद घालून कुणाला पटत नसतंय. तरी माहिती असावी म्हणून सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियान्सन नावाच्या सुतारानं १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, त्यातून ही कंपनी झाली, आणि आज आपण जी वीट वापरतो तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. २००३-०४ च्या सुमारास कंपनी मोठ्या तोट्यात गेली होती, बुडते की काय अशी वेळ आली, तिथून ती सावरली आणि त्या काळात कंपनीनं मोठ्या माणसांकडं नीट लक्ष द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये कॅफे कॉर्नर नावाचा सेट आला, नंबर १०१८२, मॉड्युलर बिल्डिंग म्हणजे शेजारी शेजारी जोडता येणाऱ्या इमारतींच्या मालिकेतला पहिला, आणि तो डिझाइन करणारा जेमी बेरार्ड हा आधी स्वतः मोठेपणी लेगो करणारा हौशी माणूस होता, नंतर कंपनीत गेला. २०२० पासून तर डब्यावरच १८+ छापून यायला लागलं. हे सगळं आईला सांगून उपयोग नाही, आईला शेजारी बसवा आणि विटेवरच्या गोल उंचवट्यांची, म्हणजे स्टडची, जाळी दाखवा, कारण संक्रांतीला ठिपके मोजून रांगोळी काढणाऱ्या बाईला ही जाळी लगेच कळती, कुठून वळायचं, कुठं दोन ठिपके सोडायचे, ते तिच्या बोटात आधीपासून आहे. वहिनींना फुलांचा एखादा सेट द्या जोडायला, २०२१ मध्ये १०२८० नंबरचा ७५६ तुकड्यांचा गुच्छ आला होता तसला कुठलाबी. एक संध्याकाळ त्यांनी स्वतः जोडलं की हसणं बंद होतंय.

आता चायनीज मालाचं, इथं जरा सविस्तर बोलतो कारण हा माझ्या कामाचा विषय आहे आणि यावर लोक उगं तावातावानं भांडतात.

पहिली गोष्ट म्हणजे चायनीज म्हणजे वाईट असं काही नसतंय, लेगोची स्वतःचीच एक फॅक्टरी चीनमध्ये जियाशिंगला आहे. प्रश्न देशाचा नाही, मोल्डचा आणि मोल्डिंग करताना पाळलेल्या शिस्तीचा आहे. विटेची मापं बघा. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी, स्टडचा व्यास ४.८ मिमी, विटेची उंची स्टड सोडून ९.६ आणि प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, ३.२, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक वीट. आता चार स्टड चौकोनात ठेवले तर तिरप्या अंतराचं गणित करून मधे गोल जागा उरती ती ६.५१ मिमीची, आणि विटेच्या पोटातली नळी बरोबर त्याच मापाची असती. १९५८ च्या पेटंटातली खरी करामत ही नळीच आहे. स्टड एकीकडून भिंतीला आणि दुसरीकडून नळीला घासून बसतो, प्लास्टिक किंचित ताणलं जातंय आणि त्या ताणामुळं पकड येती. ही पकड इतकी असायला पाहिजे की पाच वर्षांचं पोरगं काढू शकलं पाहिजे आणि मॉडेल उचललं तर गळून पडलं नाही पाहिजे. हे काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतंय.

प्लास्टिक आहे एबीएस, १९६३ पासून. साधारण २३० अंशाला वितळवून मोल्डमध्ये दाबतात आणि थंड होताना ते आकसतंय, अर्धा टक्का धरा, ०.४ ते ०.७ च्या मधे. आता अर्धा टक्का म्हणजे एका स्टडला काहीच नाही, पण सोळा स्टड लांबीच्या प्लेटला, म्हणजे १२८ मिमीला, तेच अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातंय. म्हणून मोल्ड तेवढा मोठा कापावा लागतो, प्लास्टिकचा दाणा मशीनमध्ये घालायच्या आधी नीट वाळवावा लागतो, थंड व्हायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. ज्याला घाई आहे तो हा वेळ वाचवतो आणि मग आखूड तुकडे बरे निघतात पण लांब प्लेट केळीसारखी वाकती. म्हणून कुठल्याबी दुसऱ्या कंपनीचा माल तपासायचा असेल तर २×४ ची वीट दाबून मत बनवू नका. सगळ्यात लांब प्लेट घ्या, बेसप्लेटवर, म्हणजे मॉडेलखालच्या सपाट पाटीवर, बसवा, टोक वर उचललं जातंय का बघा, आठवडाभर तशीच ठेवा आणि मग काढून बघा पकड तेवढीच आहे का. दुसरं, एकाच रंगाचे दहा तुकडे ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवा, छटा वेगळ्या दिसल्या तर मोठी भिंत डागाळलेली दिसणार.

कायद्याचं असं आहे की मूळ विटेचं पेटंट कधीच संपलंय, आणि २०१० मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयानंसुद्धा विटेच्या आकारावर ट्रेडमार्क देता येत नाही असा निकाल दिला. त्यामुळं जुळणारी वीट बनवणं हा काही गुन्हा नाही, पोलंडची कोबी वगैरे कंपन्या स्वतःची डिझाइनं घेऊन उघडपणे करतात. पण दुसऱ्याच्या सेटचं डिझाइन, डब्यावरचं चित्र, माणसं सगळं जसंच्या तसं उचलून अर्ध्या किमतीत विकणं ही चोरी आहे. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी लेपिन नावाच्या चायनीज ब्रँडवर धाड घातली ती याच्यासाठीच. माझं स्पष्ट मत, सुटे जुळणारे तुकडे भिंत भरायला घेतले तर हरकत नाही, चोरलेला सेट घेऊ नका, कारण ज्या डिझायनरच्या डोक्यासाठी आपण पैसे देतोय म्हणालो त्यालाच त्यातून काही जात नाही. आणि भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घरात लहान पोरं असतील तर तो बघूनच घ्या.

किमतीबद्दल लई जण चिडून बोलतात, चिडणं साहजिक आहे, बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. तेव्हा निवड डोळसपणे करा. लोक सरळ किंमत भागिले तुकडे करतात आणि एका तुकड्याला इतके रुपये पडले म्हणून खूश होतात, त्यात फसगत आहे. २०२१ मध्ये जगाच्या नकाशाचा सेट आला, ३१२०३, तब्बल ११,६९५ तुकडे, पण त्यातले बहुतेक नखाएवढे गोल ठिपके, शिकायला काय तर धीर. भिंतीवर दिसतो देखणा, ज्याला भिंतीसाठीच घ्यायचाय त्यानं जरूर घ्यावा. पण तुमच्यासारख्याला हात तयार करायचाय म्हणून माझा सल्ला वेगळा. सुरुवातीला क्रिएटर थ्री-इन-वन घ्या, त्याच तुकड्यांतून तीन वेगळी मॉडेलं होतात आणि एकच तुकडा एकदा छप्पर, एकदा पंख, एकदा जबडा कसा होतो ते समजतंय. मग स्पीड चॅम्पियन्सची एखादी गाडी, २०२० पासून त्या सहाऐवजी आठ स्टड रुंद झाल्या आणि तेवढ्याशा जागेत तुकडे आडवे-उलटे वळवायच्या इतक्या तऱ्हा असतात की महिनाभर पुरतील. गावाकडं पोरं असतील तर टेक्निक या गिअर-दांड्यांच्या मालिकेतला जॉन डिअर ट्रॅक्टर, ४२१३६, ३९० तुकडे, मधून वळणारा, तो घेऊन जा, आमच्याकडं तो पोरांपेक्षा चुलत्यांनीच जास्त हाताळला. मॉड्युलर बिल्डिंग त्यानंतर. पहिल्याच वर्षी मोठी बिल्डिंग घेतली की पिशव्या एक, दोन, तीन उघडत जाता, पुस्तकात बघून लावत जाता आणि संपल्यावर हाताला काय लागलं ते सांगता येत नाही.

आता मुख्य काम. पुस्तक बघून जोडून झालं की बरेच जण शेल्फवर ठेवतात, तसं करू नका. काही दिवस मांडा, मग पुस्तक शेवटच्या पानावरून उलटं धरून सावकाश सोडवा. जोडताना आपलं लक्ष पुढच्या तुकड्यावर असतंय, सोडवताना मात्र कळतं की ही प्लेट इथं का होती, ही काढली की अख्खी बाजू सैल का झाली. सोडवताना जी जोडणी नवी वाटली ती तेवढीच चार-पाच तुकड्यांत परत करून बघा, वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. मग अर्धं मॉडेल पुस्तक न बघता परत करा. ते हुबेहूब आलं नाही तर अजून चांगलं, तुमच्या मनाचं काहीतरी त्यात आलं.

दोन हिशोब पाठ करा, बाकी आपोआप येतंय. एक, पाच प्लेटांची उंची १६ मिमी आणि दोन स्टडची रुंदीबी १६ मिमी. म्हणजे भिंतीत कुठंबी पाच प्लेट उंचीचं भोक ठेवलं तर त्यात दोन स्टड रुंदीचं काहीतरी आडवं करून बरोबर बसतंय. बाजूला स्टड असलेली वीट किंवा ब्रॅकेट वापरून तुकडे असे वळवण्याला सगळे स्नॉट म्हणतात, आणि जाळीदार खिडक्या, नक्षी, दगडी पट्ट्या सगळं यातूनच निघतंय. दुसरा, जंपर नावाची प्लेट, दोन स्टडच्या जागेवर मधोमध एकच स्टड, तिच्यानं अर्धा स्टड म्हणजे ४ मिमी सरकता येतंय. खिडकी भिंतीत थोडी आत घ्यायची, चौकट थोडी बाहेर काढायची, पायऱ्या अरुंद करायच्या, सगळीकडं जंपर. आणि एक नियम पाळा, तुकडा बसवताना वाकवावा लागत असेल, फट राहून ताण येत असेल तर ती जोडणी सोडून द्या, आज बसलं तरी आपल्या मे महिन्यात तिथंच तडकणार.

सुचत नाही म्हणालात त्यावर माझं उत्तर आहे की किल्ले-राजवाडे-अंतराळयान सोडा आणि गावचं माळवदाचं घर करायला घ्या. मराठवाड्यातल्या माणसाला पहिलं स्वतःचं मॉडेल म्हणून याच्यापेक्षा चांगलं काही नाही. छप्पर सपाट, म्हणजे उताराचे महाग तुकडे लागत नाहीत. भिंती जाड, म्हणजे मॉडेल भक्कम होतंय. खिडक्या कमी. आणि घर तुमच्या पाहण्यातलं असल्यामुळं पुस्तकाची गरजच नाही, आजीला फोन करा, ओसरी किती खणाची होती विचारा.

माप असं काढा. लेगोचा माणूस साधारण ४ सेंमी उंच, खरा माणूस साडेपाच फूट धरला तर प्रमाण एकास बेचाळीसच्या आसपास येतंय. म्हणजे एक स्टड साधारण ३४ सेंमी आणि एका विटेची उंची ४० सेंमी. आता गावच्या घराची दोन फुटी भिंत म्हणजे दोन स्टड जाड, झालं, कोनाडा पाहिजे तिथं आतल्या बाजूचा एक स्टड सोडून द्यायचा, देवळी आपोआप तयार. घराचा चोवीस फुटी दर्शनी भाग बावीस स्टडमध्ये बसतो. ३२×३२ ची बेसप्लेट म्हणजे पस्तीस फुटी चौरस जागा, त्यात ओसरी, चौक आणि मागं एक खोली येती. दारात मात्र गंमत आहे, आपल्या जुन्या घरांची दारं बुटकी, वाकून आत जायचं, ते मापात केलं तर चार विटा उंच येतं पण लेगोचा माणूस काही कमरेत वाकून चालत नाही, म्हणून दार पाच विटांचं करा आणि उंबरा एका प्लेटचा द्या म्हणजे बुटकेपणाचा भास राहतो.

रंगाला खाली काळ्या दगडाचे थर, त्यासाठी गडद राखाडी, आणि त्यात मधे मधे विटांची रेष असलेली १×२ ची वीट टाका, नंबर ९८२८३, सपाट भिंतीला लगेच जीव येतो. वर पांढरीच्या मातीसाठी टॅन, म्हणजे वाळूचा रंग, आणि डार्क टॅन मिसळून, मिसळताना हिशोबानं आलटून-पालटून लावू नका, डोळे मिटून डब्यातून येईल तो लावा, नाहीतर बुद्धिबळाचा पट दिसतो. सागवानी खांबाला तपकिरी गोल १×१ विटा, तुळयांना ओंडक्यासारखी दिसणारी १×२ ची वीट, ३०१३६. छताला टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे, आणि प्लेट मिसळून थोडं उंच-सखल ठेवा, माती चोपून केलेलं माळवद कधी आरशासारखं नसतंय, आणि पावसाचं पाणी जायला भिंतीबाहेर दोन पन्हाळं काढायला विसरू नका, तेवढ्यानंच बघणारा ओळखतो की हे आपल्याकडचं घर आहे.

ते जमलं की गढी. बुरूज गोल करायची जुनी आणि साधी रीत अशी की १×२ च्या विटा आणि १×१ च्या गोल विटा आलटून-पालटून, प्रत्येक थराला सांधा मोडत रचायच्या, अशी भिंत सगळीकडून थोडी थोडी वळती आणि शेवटी टोकाला टोक मिळून बुरूज होतो, कुठं ताण येत नाही. लागतात मात्र ढिगानं, सुटे तुकडे मागवायचे असतील तर ब्रिकलिंक हा सगळ्यात मोठा बाजार, २००० साली सुरू झालेला आणि २०१९ पासून लेगोच्याच मालकीचा, पण बाहेरून मागवताना कुरिअर आणि ड्यूटी धरून मगच ऑर्डर करा. त्यांचंच स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, आधी कॉम्प्युटरवर बांधून बघा, किती तुकडे लागतील याची यादी ते स्वतः काढून देतंय. एकच लक्षात ठेवा की कॉम्प्युटरवर गुरुत्वाकर्षण नसतंय, स्क्रीनवर उभं राहिलेलं टेबलावर उभं राहीलच असं नाही.

बीबी का मकबरा करायची इच्छा आमच्या संभाजीनगरात प्रत्येकाला होती. त्याच्याबद्दल थोडं सांगतो. लोक ताजमहालाचा सेट घेऊन त्यालाच मकबरा म्हणून मांडतात, ते मला पटत नाही, ताजच्या मानानं मकबऱ्याचे मिनार मुख्य इमारतीला जवळ आणि अंगानं उंच वाटतात, सगळी इमारत वर खेचल्यासारखी दिसती, तो तोलच वेगळा आहे. आणि मालमसालाबी वेगळा. खाली कमरेएवढ्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, वर घुमटाच्या बुडापर्यंत बेसॉल्ट दगडावर चुन्याचा गिलावा, आणि घुमट परत संगमरवरी. म्हणून मी सांगतो की सगळा पांढरा करू नका, खालचा पट्टा आणि घुमट पांढरा, मधल्या भिंतीत टॅन आणि फिकट राखाडी शिंपडा, एकदम पावसाळ्यानंतरचा मकबरा दिसायला लागतो. घुमटाला ब्रूस लोवेल यांनी २००२ मध्ये काढलेला गोळा अभ्यासा, मधे गाभा आणि त्याला सहा बाजूंनी लावलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या प्लेटा, छोटा गोळा ६.८ स्टड व्यासाचा होतो, त्याच तत्त्वावर मोठा करता येतो. वेरूळचं कैलास लेणं करायचं कुणाच्या मनात असेल तर आधी भोवतीचा खड्डा आणि कडे ठरवा, मंदिर नंतर, कारण ते डोंगरात वरून खाली कोरलेलं आहे आणि भोवतीचा कडा नसेल तर नुसतं एक देऊळ दिसतंय.

उन्हाळ्याबद्दल. घाबरायचं काही नाही, एबीएस मऊ व्हायला शंभर अंशाच्या आसपास तापमान लागतं, आपले चव्वेचाळीस अंश त्याला काही करत नाहीत. पण ऊन करतं. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या शेल्फवर पांढरे आणि फिकट राखाडी तुकडे पिवळे पडतात, स्टिकरच्या कडा सुटतात, टेक्निकमधले रबर चिवटपणा सोडतात. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवरच्या स्टोअरमध्ये, बंद गाडीत ठेवू नका. आतल्या खोलीत, उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला, काचेच्या शोकेसमध्ये ठेवा, आपल्याकडं धूळच इतकी की उघडं ठेवलं तर पंधरा दिवसांत काळा रंग करडा दिसतो. कुलरच्या झोतासमोर तर नकोच, ओलसर हवा आणि धूळ मिळून जो थर बसतो तो ब्रशनं निघत नाही.

जुने सेट घेताना तपकिरी आणि गडद लाल तुकडे जपून हाताळा, २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले त्या रंगाचे बरेच तुकडे ठिसूळ निघतात, सेपरेटर म्हणजे तुकडे सोडवायच्या छोट्या हत्यारानं सरळ वर उचला, पिळू नका. धुवायचं तर पाणी ४० अंशाच्या आत आणि साधा साबण. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटके देतंय, ते तसंच घेऊ नका, सकाळी धुवा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर काळ्या तुकड्यांवर राहतो म्हणून शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरच्या माणसाला पाणी जपून वापरा हे मी सांगायची गरज नाही, आधी दाढीच्या मऊ ब्रशनं कोरडी धूळ काढली तर धुवायची वेळ फार क्वचित येती. वाळवायचं सावलीत, पंच्यावर पसरून.

सुटे तुकडे आकारानुसार वेगळे करा, रंगानुसार नको. एकाच आकाराच्या ढिगातून लाल तुकडा डोळ्याला पटकन दिसतो, पण लाल ढिगातून एक विशिष्ट १×१ ची प्लेट शोधताना रात्र जाती. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-नट ठेवायचे प्लास्टिकचे ड्रॉवर मिळतात, ते बेस्ट. पुठ्ठ्याचे डबे उघडून सपाट करून पलंगाखाली ठेवा, त्यात कसर लागती, तेवढं बघत जा. पुस्तक हरवलं तरी चिंता नाही, कंपनीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतंय.

पैसे होतील का? होतातबी आणि नाहीतबी. १९८७ ते २०१५ मधल्या सेटांवर रशियातल्या संशोधकांनी एक अभ्यास केला होता, त्यात सेकंडहँड बाजारात वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा निघाला, तोच आकडा सगळे सांगत सुटतात. पण ती सरासरी आहे, काही सेट निम्म्यावर आले होते हे त्याच अभ्यासात आहे, ते कुणी सांगत नाही. ताजमहालाचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये १०१८९ नंबरचा आला, ५९२२ तुकडे, बंद झाल्यावर त्याच्या किमती आभाळाला भिडल्या, लोकांनी गुंतवणूक म्हणून साठवला, आणि २०१७ मध्ये कंपनीनं तोच सेट १०२५६ नंबरनं परत बाजारात आणला. साठवणारे बघत राहिले. आणि आपण लातूर-नांदेड-संभाजीनगरात विकणार कुणाला, गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात, कुरिअरमध्ये डब्याचा कोपरा दबला की भाव पडला. बँकेत आहात, व्याजाचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतंय, गुंतवणूक तिकडंच करा.

राहिलं ते चर्चेचं, हा नाद एकट्यानं करायचा नाही. तुमच्या गावात दोघं-तिघं सहज निघतील, शाळेचे शिक्षक, आर्किटेक्ट, एखादा दंतवैद्य, डॉक्टर लोकांना हे लई आवडतं असा माझा अनुभव. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसा, प्रत्येकानं एकच मॉडेल आणायचं, आणि केवढ्याला घेतलं हा प्रश्न पहिल्या तासात विचारायचा नाही, नाहीतर सगळी संध्याकाळ ऑफर आणि डिस्काउंटमध्ये जाती. विचारायचं ते असं की इथं हा तुकडा का लावलास, हे वजन कशावर पेललंय, हेच कमी तुकड्यांत झालं असतं का. ज्यानं मॉडेल केलंय त्याला त्याची एक बाजू सोडवून दाखवायला सांगा, दुसऱ्यांनी तीच बाजू आपल्या पद्धतीनं करून बघायची. नवखा माणूस असेल तर त्याच्या मॉडेलमधली एक चांगली जोडणी आधी शोधून सांगा, ती असतीच.

आणि माळवदाचं घर सुरू केलं की मला फोटो पाठवा, समोरून एकच पुरे, मागून, खालून आणि छप्पर काढून आतून मात्र तीन-चार पाठवा, तिथंच कळतंय भिंत कशी बांधलीय आणि पुढं काय सांगायचं.